बिनदोऱ्याची हाफिया

नंबर सहाच्या वस्तीत हाफियाला ओळखत नाही असा माणूस म्हणजे एक तर कालच आगगाडीतून उतरलेला, नाहीतर कंपनीचा साहेब. वस्तीचं नावच नंबर सहा. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात कंपनीच्या कोळशाच्या खाणी एकीला लागून एक, आणि प्रत्येकीला नुसता आकडा. बारशाचा खर्च वाचवला, असं लोक म्हणायचे. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, घोड्यावरचे पोलीससुद्धा कंपनीचेच. देव तेवढा आमचा, पण तोही अलीकडे साहेबाचंच जास्त ऐकतो, असं हाफियाचं मत होतं. पाद्रीबाबांना ती हे तोंडावर सांगायची आणि वर विचारायची, की तुमचा कोळसा कुठून येतो हो, विकत की फुकट? पाद्रीबाबा तिच्या दारावरून जाताना पाय उचलून जायचे.

हाफिया कार्पेथियन डोंगरातली. तिच्या गावात राजा परका, जमीन जमीनदाराची, आणि बटाटे चांगले निघाले तर डुकरांचे. विसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर बोटीत बसली आणि सतरा दिवस ओकत अमेरिकेला आली. बंदरातल्या बेटावर उतरणाऱ्यांची तपासणी असते. तिथे डोळ्यांच्या पापण्या उलटून बघतात आणि मग एक साहेब विचारतो, काम ठरवून आलात का? हो म्हटलं तर कायद्याने गुन्हा, परत पाठवतात. नाही म्हटलं तर हा भिकारी होणार म्हणून परत पाठवतात. चांगली चांगली माणसं तिथे घाम पुसत उभी असायची. हाफियाने शेजारी उभ्या युर्कोकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा नवरा आहे. एवढं काम मला जन्मभर पुरेल." दुभाष्या इतका हसला की साहेबाने न समजताच शिक्का मारला.

आणि ते खरंच निघालं. युर्को खाणीत जायचा, नाही असं नाही. पण खाणीतून जेवढा कोळसा बाहेर यायचा त्याच्या दुप्पट त्याच्या तोंडातून शब्द बाहेर यायचे. तेव्हा घर चालवायला हाफियाने खाणावळ काढली. कंपनीच्या चार खोल्यांच्या घरात नऊ गडी. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच अंथरुणात शिरायचा. अंथरूण कधी गार पडायचं नाही. सगळे तिला तेता म्हणत, म्हणजे आपली मावशी. ती त्यांना काय काय म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्याकडच्या खाणावळींची एक रीत होती. पाव, कोबी, बटाटे मावशीचे. मांस मात्र ज्याचं त्याने आणायचं. सकाळी पाळीवर जाताना गडी आपापला तुकडा दोऱ्याने बांधून तिच्या हातात देणार. कोणाचा दोरा लाल, कोणाच्या दोऱ्याला गुंडी, कोणाच्या लाकडाची ढलपी. सगळे तुकडे एकाच पातेल्यात शिजणार, दोरे काठावरून बाहेर लोंबणार. जेवायच्या वेळी हाफिया एकेक दोरा ओढून तुकडा वर काढायची आणि ज्याचा असेल त्याच्या नावाने खणखणीत हाक मारायची. "युर्को!" "सेमान!" "मेतोद!" हाक अशी, की तीन घरांपलीकडच्याला कळावं आज कोण काय खातंय. अकरा वर्षांत एकाचा तुकडा दुसऱ्याच्या ताटात गेला नाही. मांस ज्याचं त्याचं, रस्सा सगळ्यांचा, आणि तळाशी उरेल तो रस्सा हाफियाचा आणि तिच्या दोन पोरींचा. हाफियाचा दोरा पातेल्यात कधी नव्हता. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा.

दोरा बघायची तिला गरजच नसायची म्हणा. मांसावरून माणूस ओळखते, अशी तिची शेखी होती. युर्कोचा तुकडा म्हणजे तीन हिस्से हाड आणि एक हिस्सा बढाई. मेतोदचा नेहमी नीट कापलेला, चौकोनी. तो स्वभावानेही तसाच, केस चोपून बसवलेले, प्रत्येकाची विचारपूस करणारा. सेमानचा लहान पण चांगला. सेमान खाणीत खेचरं हाकायचा. दिवसभर खेचरांशी बोलून बोलून माणसांशी काय बोलावं ते विसरलेला. चार वर्षं तो हाफियाकडे जेवत होता आणि चार वर्षांत तो चार वाक्यं बोलला असेल, त्यातली दोन मिठाबद्दल.

संप झाला तो ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. कारण साधं. कोळसा टनावर मोजायचा आणि टन किती मोठा ते कंपनी ठरवायची. आमच्या गड्यांच्या घामाने कंपनीचा टन वर्षागणिक फुगत गेला. काट्यावर आमचाही एक माणूस उभा राहील, एवढीच युनियनची मागणी. साहेब म्हणाला, हा माझ्या इमानदारीचा अपमान आहे. सगळे म्हणाले, हो, तोच करायचाय.

आठवड्याच्या आत घोड्यावरचे पोलीस आले घरं रिकामी करायला. आमचे लोक त्यांना कोझाक म्हणत, तिकडे झारचे घोडेस्वार असत ना, तसे. ज्यांच्या भीतीने देश सोडला ते बोटीत बसून आपल्याआधीच इथे पोचले, असं वाटायचं. खाटा, पाळणे, तसबिरी, सगळं चिखलात. हाफियाच्या दारात कोझाक आला तेव्हा पातेलं चुलीवर उकळत होतं. तिने दोन फडक्यांनी ते उचललं, नऊ आणि एक दहा दोरे लोंबत असलेलं, आणि सरळ घोड्याच्या छातीवर चालत गेली. "बाजूला हो रे. कढत आहे." घोडं शहाणं होतं, ते मागे सरलं. त्या संपात कंपनीचे पोलीस मागे हटले ते तेवढ्याच वेळी.

एका शेतकऱ्याने डोंगराच्या उताराची जागा दिली. युनियनने तंबू दिले. सगळ्यांत मोठा तंबू हाफियाला मिळाला, एक तर तिच्याकडे नऊ गडी, आणि दुसरं म्हणजे कमिटीची बैठक तिच्याच पातेल्याभोवती भरायची. कमिटीचा मुख्य टायर्नी. आयरिश माणूस, पुढचे दोन दात आधीच्या एका संपात गेलेले. आमची भाषा शिकला होता, पण शिव्यांपासून सुरुवात केल्यामुळे पाद्रीबाबांसमोर त्याला बोलता यायचं नाही.

मे गेला, जून गेला. युनियनकडून पीठ यायचं, घेवड्याच्या बिया यायच्या, कधी डुकराची चरबी. मांस संपलं. कंपनीच्या दुकानात संपवाल्याला उभं करत नव्हते आणि दुसरं दुकान होतं पाच मैलांवर. पण दोऱ्याची रीत मोडायला एकही गडी तयार होईना. आपला दोरा पातेल्यात नाही म्हणजे आपण त्या घरचे नाही! मग लाजेकाजेस्तव जो तो काहीतरी बांधून द्यायला लागला. युर्कोने ईस्टरच्या डुकराचं एक हाड जपलं होतं, तेच रोज. दुसऱ्या एकाने तर चामड्याचा पट्टा बांधला, तीन दिवस उकळला, आणि चौथ्या दिवशी विजार सांभाळायला परत मागितला. जेवण झालं की हाडं दोऱ्यांसकट तंबूच्या दोरीवर वाळत घालायची, दुसऱ्या दिवशी तीच परत पातेल्यात. हाफिया तितक्याच खणखणीत आवाजात हाक मारायची. "युर्को, ये रे, घे तुझं डुक्कर!"

मेतोद मात्र खटपट्या. दर तीन-चार दिवसांनी तो नवं हाड आणायचा. कुठून तरी मिळवतो बिचारा, असं म्हणून हाफिया त्याचं कौतुक करायची. "शिका जरा मेतोदकडून! तुमची हाडं बघा, पाद्रीबाबांच्या प्रवचनासारखी झालीत, चोखून चोखून काही उरलं नाही."

आणि सेमानच्या निळ्या दोऱ्याला जुलैपासून खरंखुरं मांस लागायला लागलं. बारीक कापलेलं, मिठाच्या पाण्यात धुतलेलं, कोवळं. हाफियाला वाटलं वासरू. रस्सा असा व्हायला लागला की सगळे ताट चाटायचे.

"कुठलं रे हे?" तिने विचारलं.

सेमान कानापर्यंत लाल झाला. "मिळालं."

"मिळालं म्हणजे? आकाशातून पडलं?"

"मावशी, खा ना तू," एवढं बोलून तो निघून गेला.

आता ऐका, खरं दुखणं कुठे होतं ते. कंपनी शहरातून आगगाडीने संपफोडे आणायची. त्या बिचाऱ्यांना कोणी सांगायचंच नाही की इथे संप आहे. नुकतेच बोटीतून उतरलेले, काम मिळतंय म्हणून गाडीत बसलेले. म्हणून आमच्या बाया थाळ्या-डबे घेऊन रुळाजवळ जायच्या आणि पाच भाषांत बोंब ठोकायच्या की उतरू नका, संप आहे. पहिल्या दोन खेपांना निम्मी गाडी तशीच परत गेली. मग गाडी कुठे थांबणार हे टायर्नी रेल्वेतल्या ओळखीच्या माणसाकडून आधीच काढायला लागला आणि बेत हाफियाच्या पातेल्याभोवती ठरायला लागला. आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी कोझाक आधीच झाडीत दबा धरून बसलेले. अशा तिसऱ्या वेळी शेजारच्या तंबूतली म्हातारी पेलागिया घोड्याखाली आली. मनगट मोडलं तिचं.

दुसऱ्या दिवशी टायर्नी हाफियाच्या तंबूत आला आणि बसला नाही. "तेता, बातमी इथून फुटतेय. दुसरीकडे कुठे हा बेत बोललाच जात नाही."

"माझ्या घरातून?" हाफियाचा आवाज चढला. "तुझी जीभ सांभाळ, टायर्नीभाऊ, दात आधीच कमी आहेत."

"कमिटीने ठरवलंय. रविवारपर्यंत माणूस शोध. नाहीतर तंबू खाली कर आणि तुझे सगळे गडी घेऊन जा. पीठही बंद."

"आणि जाऊ कुठे? कंपनीने घरातून काढलं, तू तंबूतून काढ. आता राहिलं कोण, पोप?"

टायर्नीने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. युर्को मध्ये उठून म्हणाला, "बंधूंनो, हा आपल्या एकजुटीवरचा..." हाफियाने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

तीन रात्री तिला धड झोप नाही. दोन पोरी, नऊ गडी, एक नवरा आणि तंबूबाहेर डोंगर. काळ्या यादीत नाव गेलेलं, त्यामुळे आसपासच्या कुठल्याच खाणीत युर्कोला काम नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिला सगळ्यांत जास्त झोंबलं होतं ते पातेल्याचं. माझ्या पातेल्यावर बसून, माझा रस्सा पिऊन, कोणी मेल्याने पेलागियाचं मनगट विकलं! आणि मग साहजिकच तिचं डोकं तिकडे गेलं. संपात सगळे हाडं चोखतायत आणि एकाच्या दोऱ्याला वासरू लागतंय. पैसा कोण देतो?

रविवारी जेवायला सगळे जमले. टायर्नी होता, पेलागिया गळ्यात हात बांधून बसली होती. हाफियाने पहिलाच दोरा ओढला तो निळा. हाक मारली नाही. मांस वर धरून विचारलं, "सेमान, हे कंपनीच्या कोणत्या साहेबाने दिलं?"

सेमान उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, हाफियाकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"बोल ना! चार वर्षं मुकाट्याने खाल्लंस, आता तरी बोल!"

"मावशी, सांगण्यासारखं नाही ते," तो म्हणाला.

झालं. मेतोदने सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं, "मला वाटतच होतं." पेलागिया थुंकली. दोघा-तिघांनी सेमानची वळकटी तंबूबाहेर फेकली. कोणी मारलं नाही, कारण तो हात वर करायलाही तयार नव्हता, आणि अशा माणसाला मारायला मजा येत नाही. तो वळकटी उचलून उतारावरून खाली गेला. टायर्नीने हाफियाचा हात हातात घेऊन हलवला, तंबू राहिला, पीठ राहिलं. हाफियाने तो मांसाचा तुकडा डोंगराखाली भिरकावला आणि बाकीच्यांना वाढलं. त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही. रागाने भूक मेली असं तिने स्वतःला सांगितलं.

दहा दिवसांनी पुन्हा गाडी आली. बेत पुन्हा पातेल्याभोवतीच ठरला. आणि कोझाक पुन्हा आधीच हजर.

हाफिया रुळांवरून परत आली. तंबूसमोरच्या दगडावर बसली. आतून युर्को सांगत होता की सेमानच लांबून ऐकत असणार, त्याचे कान खेचरांसारखे आहेत. सेमानला हा बेत कळणं शक्य नव्हतं. मग रविवारी आपण काय केलं?

समोर दोरीवर हाडं वाळत होती. छावणीत एक भटकं कुत्रं होतं, आमच्यासारखंच संपावर. ते हाडांखाली आलं. युर्कोच्या हाडाला त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्याला नुसतं बघून पुढे गेलं. शेवटच्या हिरव्या दोऱ्याखाली मात्र ते दोन पायांवर उभं राहिलं, उड्या मारायला लागलं, केकाटायला लागलं. हिरवा दोरा मेतोदचा.

हाफिया उठली. ते हाड तिने हातात घेतलं आणि उलटं करून आत बघितलं. आत मगज तसाच होता. पांढरा, भरलेला, बोटसुद्धा न लावलेला. हाडाची कड करवतीने कापलेली, सरळ. पाच मैलांवरचा कसाई सुऱ्याने तोडतो, ठिकऱ्या उडतात. करवत एकाच ठिकाणी आहे, कंपनीच्या दुकानात. आणि दर तीन दिवसांनी नवं हाड म्हणजे काय? हाडावर मांस असतं. ते मांस कोणाच्या पोटात जात होतं? हाड म्हणजे गरिबी असं समजून मेल्याने हाडं आणली! भूक कशी दिसते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"बाई गं," हाफिया स्वतःशी म्हणाली, "कुत्र्याला कळलं ते तुला कळलं नाही."

संध्याकाळी तिने सगळ्यांना बोलावलं, टायर्नीलाही. पातेलं नव्हतंच, पाटावर नुसती हाडं मांडली होती. तिने नेहमीसारखी हाक मारली. "युर्को! हे कोणाचं?"

"माझं. त्याच्यावर माझी दाढ गेलीय."

"आत काय आहे?"

"हवा."

एकेकाला तिने तसंच विचारलं. प्रत्येकाचं हाड आरपार मोकळं, डोळा लावला तर पलीकडचा डोंगर दिसावा असं. मग तिने हिरवा दोरा उचलला. "मेतोद. हा मगज कोणासाठी ठेवलायस? पाहुणे येणार आहेत?"

मेतोद हसला. "मावशी, मला मगज आवडत नाही."

तंबूतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. पाच महिने घेवडा खाल्लेली माणसं होती ती. मगज आवडत नाही! टायर्नीने आमच्या भाषेत पहिल्यांदा शिकलेला शब्द उच्चारला. मेतोदने सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पळ काढला. उतारावरून असा सुटला की एक बूट तिथेच राहिला. थेट कोझाकांच्या चौकीत शिरला, म्हणजे उरलासुरला संशयही मिटला. पुढे दुसऱ्या एका खोऱ्यात तो दुसऱ्याच नावाने कोणाच्या तरी खाणावळीत जेवताना दिसला म्हणे. तो बूट पेलागियाने ठेवून घेतला. त्यात ती कांदे ठेवायची.

सगळे हाफियाची पाठ थोपटत होते. "वा मावशी! काय नजर आहे!"

"चूप बसा," ती म्हणाली. "नजर असती तर सेमान इथे असता."

दुसऱ्या सकाळी ती त्याला शोधत निघाली. शेतकऱ्याने सांगितलं, जुन्या चुन्याच्या भट्टीत कोणीतरी राहतंय. हाफिया तिथे पोचली तेव्हा सेमान पाठमोरा बसून काहीतरी सोलत होता. इकडे डोंगरउतारावर बिळं करून राहणारं एक जाडजूड जनावर असतं. दात घुशीचे, चाल घुशीची, अंग मांजराच्या दुप्पट आणि ढुंगण पाद्रीबाबांसारखं. आमचे लोक त्याला डोंगरघूस म्हणत आणि दिसलं की छातीवर क्रूस काढत. सेमानच्या हातात तेच होतं. पलीकडे चार कातडी ताणून वाळत घातलेली.

हाफियाने कातडी बघितली, मिठाच्या पाण्याचं भांडं बघितलं, त्यातले बारीक कोवळे तुकडे बघितले.

"वासरू," ती म्हणाली.

सेमानने नकाराची मान हलवली.

"दीड महिना आम्ही घूस खाल्ली?"

"तुला रस्सा आवडला होता."

मांसावरून माणूस ओळखणारी बाई मटकन खाली बसली. "मग मेल्या, सांगायला काय झालं होतं? लोकांनी तुला दगाबाज म्हटलं! मी म्हटलं!"

सेमान सोलत राहिला. बोलायची सवय नसल्यामुळे त्याला शब्द गोळा करायला वेळ लागला. "सांगितलं असतं तर काय झालं असतं? वस्तीत झालं असतं की हाफिया घूस खायला घालते. पुन्हा कोणी जेवायला आलं असतं तुझ्याकडे? संप आज ना उद्या मिटेल. खाणावळ तुला जन्मभर चालवायचीय."

हाफिया रडली. डोईच्या फडक्याआड नाही, तोंड उघडं टाकून, नाक वाहेपर्यंत. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मग नाक पुसून म्हणाली, "चुकलं माझं." हे शब्द तिने युर्कोला अकरा वर्षांत एकदाही ऐकवले नव्हते. "चल परत."

"येतो," सेमान म्हणाला. "पण मी चोरून काही आणणार नाही आता. सगळ्यांना तू सांगायचं. मला बोलता येत नाही."

संपाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे उगाच कोणी आशा लावून बसायला नको. संप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालला आणि आम्ही हरलो. काट्यावर आपला माणूस उभा राहिला नाही. निम्मे लोक मान खाली घालून परत गेले, निम्मे काळ्या यादीमुळे गिरण्यांच्या आणि भट्ट्यांच्या गावी पांगले. हाफियाची खाणावळ पुढे एका पोलादाच्या भट्टीशेजारी पंचवीस वर्षं चालली. टायर्नीच्या भाषणात हे सगळं इतिहास वगैरे व्हायचं. हाफिया म्हणायची, इतिहास म्हणजे मोठ्या पातेल्यातला रस्सा, मांस कोणीतरी आधीच काढून घेतलेलं.

पण त्या दिवशी, सप्टेंबरात, ती सेमानला घेऊन तंबूत आली. गडी उठून उभे राहिले. पेलागिया पुढे झाली आणि चांगल्या हाताने तिने सेमानची वळकटी काढून घेतली. तेवढीच माफी. मग हाफिया पातेल्यापुढे उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"ऐका. दीड महिना तुम्ही ताट चाटून जो रस्सा प्यायलात ना, ती डोंगरघूस होती. मी रांधली, मी वाढली, मीही प्यायले. ज्याला ओकायचंय त्याने बाहेर जाऊन ओकावं, तंबू युनियनचा आहे."

युर्को बाहेर गेला. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी पट्टा उकळणाऱ्या गड्याने घसा साफ केला आणि विचारलं, "आज आहे का?"

सेमानने पिशवीतून दोन पुड्या काढून तिच्या हातात दिल्या. एकीला निळा दोरा. दुसरीला करड्या कापडाची चिंधी, हाफियाच्याच डोईच्या जुन्या फडक्याची. त्याची वळकटी ती बांधायची त्या फडक्याने.

"ही दुसरी कोणाची?"

"तुझी."

"माझी कसली? माझा दोरा नसतो."

"माहितीय," सेमान म्हणाला. "म्हणून रंग कुठला ते ठाऊक नव्हतं. तोंड बंद कर आणि शिजव."

त्याचं ते एका दिवसातलं कितवं तरी वाक्य होतं. वर्षभराचा साठा त्याने उडवून टाकला. हाफियाने सगळं पातेल्यात घातलं. सप्टेंबरात ही जनावरं थंडीसाठी चरबी साठवतात, त्यामुळे रश्श्यावर असा तवंग आला की युर्को वासाने आत येऊन आपल्या जागी बसला.

जेवायच्या वेळी ती नेहमीसारखी एकेक दोरा ओढून हाक मारत गेली. "युर्को! घे तुझं डुक्कर." "सेमान!" गडी येत होते, आपापलं घेऊन जात होते. हाड असलं तरी प्रत्येकाच्या ताटात आज सेमानच्या पुडीतला एक तुकडा पडत होता. शेवटी काठावर एकच दोरा उरला, करडा. तिने तो ओढला. तुकडा वर आला, वाफाळलेला, चांगला मोठा. सवयीने तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. पोरी बघत होत्या. मग तिने श्वास घेतला आणि सगळ्या छावणीला ऐकू जाईल अशी खणखणीत हाक मारली.

"हाफिया!"